आत्याचं पोतं

तिनं डहाळी उलटी केली. मग दुसरी उचलली, तिसरी उचलली. तिन्हींच्या पानांखाली मोहरीएवढी फळं ओळीनं बसली होती, पण एकालाही देठ नव्हता. भुईआवळ्याचं फळ बारीक देठाला लोंबतं आणि हाताला गुळगुळीत लागतं. हे दांडीला चिकटलेलं होतं, खरखरीत होतं. औषधाच्या त्या कारखान्यात या झाडाला सगळे ‘तोतया’ म्हणत.

पोतं आत्याचं होतं. हा फरक तिला शिकवला होता तोही आत्यानंच, चुकलं की बोटांवर काडी मारून. त्या शिकवणीच्या जोरावर ती आज तपासणीच्या टेबलाशी बसत होती. आत्या अजून रानातून माल आणत होती.

“आत्या, हे पोतं पुन्हा निवडावं लागेल.”

“कुणाला सांगतेस?” टेबलापलीकडे उभी असलेली आत्या हसली. “आण इकडं.”

आत्यानं डहाळी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उजेडाकडे वळली.

“हा काय देठ! दिसत नाही होय तुला?”

आत्याचा अंगठा हातात घेऊन तिनं तो फळांवरून हळूच फिरवला. आत्याचं हसू ओसरलं. तिनं पोत्यातून मूठभर डहाळ्या काढल्या आणि डोळे मिटून एकेक चाचपत राहिली. निम्म्याहून जास्त बाजूला पडल्या.

“कधीपासून नीट दिसत नाही?”

“अंधुक होतंय जरा. दोनेक महिने झाले असतील.” आत्यानं एकदम मान वर केली. “म्हणजे गेल्या महिन्यातली तीन पोती? ती बघितलीस ना गं?”

तिचे हात थांबले. त्या पोत्यांची तोंडं तिनं सोडलीच नव्हती. आत्याचा माल म्हणून सरळ शिक्का मारला होता.

“नाही.”

आत्या चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, “त्याचा काढा गेला का बाहेर?”

“टाकीत आहे. उद्या बाटल्यांत भरतील.”

“मग बसलीस काय?”

जिन्यावर आत्यानं तिचा दंड धरला. एरवी आत्या कुणाचा आधार घेत नसे.

“साहेब, उद्या भुईआवळ्याचा काढा भरू नका,” कारखान्याच्या साहेबांच्या खोलीच्या दारातूनच ती म्हणाली. “त्यात तोतया गेला असेल.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “कुणाच्या मालात?”

“पोती माझी,” आत्या म्हणाली.

“शिक्का माझा,” ती म्हणाली.

साहेबांनी दोघींकडे पाहिलं आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. खुर्ची एकच होती. दोघी उभ्याच राहिल्या.