शिंगं आणि सुळे असलेली हरणी

खरं तर हे मी सांगू नये. वेंडेलिनआजोबांनी मला लाकडी पाटीवर ठोकताना बजावलं होतं, "तू गप्प राहायचंस." पण आत्ता ते जेवायला गेले आहेत आणि शिकारीच्या प्रदर्शनाच्या सभागृहात माझ्या टेबलापाशी कोणी नाही. म्हणून घाईघाईने बोलते.

मी एका हरणीची कवटी. हो, हरणीचीच. कपाळावर बोटभर शिंगं आहेत म्हणून फसू नका. आमच्या जातीत माद्यांना शिंगं येत नाहीत. क्वचित एखादीला येतात, तशी मला आली. त्यांच्यावरची मऊ, केसाळ साल नरांसारखी कधी झडली नाही. वरच्या जबड्यात, जिथे आमच्यात सहसा दात नसतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढे दोन सुळेही आहेत. ते मात्र मी जिवंत असताना कुणाला दिसले नाहीत. मलाही ठाऊक नव्हते.

ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्कच्या डोंगरात एका कुरणाच्या कडेला मी राहत होते. शिंगांचा मला काही उपयोग नव्हता. कुंपणातून जाताना ती अडकायची, एवढंच. त्या जूनमध्ये मला दोन पिल्लं झाली. पहिले काही आठवडे आमची पिल्लं आईमागे फिरत नाहीत. उंच गवतात अंग चोरून पडून राहतात. आई मुद्दाम लांब चरते, म्हणजे तिच्या वासावर कोल्हा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. दूध पाजायला तेवढी येते.

अशीच मी लांब चरत होते. त्या दिवसांत फक्त नर मारायची परवानगी असते. म्हणून शिकारी आधी पोटाखाली आणि शेपटीपाशी बघतो, मग डोक्याकडे. वेंडेलिनआजोबांनी चाळीस वर्षं तसंच केलं होतं. त्या संध्याकाळी त्यांना फक्त शिंगं दिसली.

गोळीचा आवाज मला ऐकूच आला नाही.

त्यांनी टोपी काढली. हिरवी डहाळी मोडून माझ्या तोंडात ठेवली. हा शेवटचा घास. आमच्या भागात हा मान नरांनाच देतात. मग पोट फाडायला मला उलटं केलं आणि त्यांचा हात थांबला. माझी कास दुधाने भरलेली होती.

तेवढ्यात शेजारचे ओथमार ट्रॅक्टरवरून आले. आजोबांनी पटकन आपला कोट माझ्या अंगावर टाकला. डोकं बाहेर राहिलं.

"अरे वा, नर मिळाला! अभिनंदन!" ओथमारनी हात पुढे केला. "शिंगं मात्र तुझ्या मिशीपेक्षा बारीक आहेत हां."

आजोबा हसले आणि त्यांनी तो हात हातात घेतला. खोटं तिथेच सुरू झालं, एक शब्दही न बोलता.

"उद्या सकाळी वरचं कुरण कापतोय," ओथमार म्हणाले. "पिल्लं-बिल्लं नाहीत ना रे? नाहीतर आधी दोघं फिरून येऊ."

दरवर्षी ते दोघं तसे फिरत. पिल्लू दिसलं की हाताचा वास लागू नये म्हणून गवताच्या मुठीत धरून बांधावर ठेवायचं. आई येऊन नेते. पण या वेळी आई का येत नाही, हे ओथमारनी विचारलं असतं.

"मी पाहिलंय सगळं," आजोबा म्हणाले. "काही नाही तिथे."

घरी मला सोलताना त्यांच्या पत्नी बुर्गीआजींनी कास पाहिली.

"अहो, हिला तर दूध होतं! पिल्लं कुठायत?"

"हळू बोल. दुसरी हरणी सांभाळेल."

"इतकी वर्षं हरणं सोलतेय मी. दुसरीचं पिल्लू पाजणारी एक तरी हरणी दाखवा मला."

"चुकीच्या शिकारीला प्रदर्शनात लाल टिकली लावतात, बुर्गी. चाळीस वर्षांत मला एकदाही लागली नाही. सगळं गाव बघेल."

सकाळी आजी घरातल्या चपलांनीच कुरणाकडे निघाल्या. वाटेतच त्यांना गवत कापायच्या मशीनचा आवाज ऐकू आला.

दुपारी ओथमार आले. मी परसात मोठ्या भांड्यात उकळत होते, दार उघडं होतं.

"दोन होती," ते म्हणाले. "कसली बेफिकीर आई! मशीन एवढं गरजत होतं, ती फिरकलीसुद्धा नाही."

आजींनी कॉफीचा कप त्यांच्यापुढे ठेवला, पाठ फिरवली आणि नळ सोडला. बराच वेळ तो बंद केला नाही. आजोबा टेबलावरचा पाव बारीक कुस्करत बसले.

त्यांना मला पुरून टाकायचं होतं. पण ओथमारनी शिंगं पाहिली होती, आणि मारलेला प्रत्येक नर हिवाळ्यात पंचांना दाखवावाच लागतो. मग मांस सुटलं आणि सुळे दिसले. "बुर्गी, बघ तरी!" आजोबांनी हाक मारली. ते क्षणभर सगळं विसरले होते. आजी आल्या नाहीत. आजोबांनी शिंगांवरची साल चाकूने खरवडली आणि शिंगं अक्रोडाच्या सालीच्या पाण्याने रंगवली.

आज पंचांनी माझा जबडा उघडला, दातांवरून वय पाहिलं आणि हिरवी टिकली लावली. पाटीवर लिहिलंय, 'दुर्मीळ सुळे असलेला तरुण नर'. माणसं रांगेने येतात, सुळ्यांपाशी नाक नेतात आणि मग स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवतात. शिंगांच्या बुडाशी चाकूचे ओरखडे आहेत, तिथे कुणी बघत नाही. ओथमारही आले होते. माझ्यासमोरच उभे राहून ते कुणाला तरी त्या दोन पिल्लांची आणि बेफिकीर आईची गोष्ट सांगत होते. शेजारी उभ्या असलेल्या आजी खाली बघत राहिल्या.

मला लाल टिकली नको, हिरवीही नको. सुळे ज्याला हवेत त्याने काढून न्यावेत. कुणीतरी ओथमारना एवढंच सांगा, की मी बेफिकीर नव्हते. ऊन कुरणावर यायच्या आत मी रोज पिल्लांपाशी पोहोचायचे. त्या सकाळीही मी—

"वेंडेलिन! पेपरचा वार्ताहर आलाय, तो सुळ्यांचा नर आण रे इकडे!"