रजेचं नाटक

धोरणं आखणाऱ्या अधिकाऱ्यांना स्त्री-पुरुष समानता शिकवायची, हे प्रशिक्षिकेचं काम. जेवणानंतर वर्ग पेंगायला लागला की ती नाटुकली करायला लावी. त्या दिवशी विषय होता घरच्या आजाऱ्यासाठी मिळणाऱ्या रजेचा.

रोजगार खात्याचे साहेब हौसेनं पुढे आले. "मी बॉस होतो. सवय आहे!" सगळे हसले. कर्मचारी म्हणून त्यांनी स्वतःच्याच हाताखालच्या बाईंना उठवलं. आवाज बारीक, म्हणून खात्यात सगळे त्यांना चिमणीबाई म्हणत.

"सर, उद्या आईचं ऑपरेशन आहे. रजा हवी होती."

"उद्याच? मग आपल्या खात्याचं सादरीकरण कोण करणार?"

"तिला माझ्याशिवाय कुणी नाही, सर."

"अहो, तिथं डॉक्टर असतात! तुम्ही काय सुरी धरणार आहात?"

हशा पिकला. "बरं, सर," म्हणत चिमणीबाई जागेवर जाऊन बसल्या. टाळ्या पडल्या. "काय हुबेहूब वठवलंत!" मागून कुणीतरी म्हणालं. प्रशिक्षिका मात्र चिमणीबाईंकडेच बघत राहिली.

चहाच्या वेळी तिनं बाईंना जिन्यापाशी गाठलं. "ते खरं होतं ना?"

"हो. आधी विचारून झालं होतं. वाटलं, चारचौघांत तरी हो म्हणतील."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको, मॅडम. तुम्ही परवा निघून जाल. मला तिथंच दिवस काढायचेत."

तरी तिला राहवलं नाही. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला, हसून म्हणाले, "बघतो की." आणि वर्ग पुन्हा भरताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं चिमणीबाईंना म्हणाले, "खात्यातली गाऱ्हाणी बाहेर न्यायची नसतात. उद्या इथं वर्गात तुम्हीच बोलायचं." बाईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. प्रशिक्षिकेला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली.

संध्याकाळी ती पुन्हा चिमणीबाईंकडे गेली. "उद्याचा वर्ग माझे सहकारी घेतायत. आईंजवळ मी बसते."

बाईंनी हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला. मग म्हणाल्या, "तिला सांगू नका, रजा दिली नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आई खाटेवर हिरव्या झग्यात बसून होत्या, दाराकडे डोळे लावून. नर्सनं विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"मी... ओळखीची."

"ऑपरेशनच्या कागदावर ओळखीच्यांची सही चालत नाही. घरचं माणूस लागतं."

"त्यांच्या लेकीनं कालच केली असती हो! कुणी सांगितलंच नाही."

"मी काय करू, बाई? नियम आहे."

तिनं चिमणीबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. सहकाऱ्याला लावला, त्यानंही उचलला नाही. एव्हाना दुसऱ्याच कुणाला तरी आत नेलं होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आता पुढच्या आठवड्यात बघू."

ती पुन्हा फोन लावायला लागली तशी आईंनी तिचा हात धरला.

"राहू द्या हो. बोलत असेल ती तिकडं. लहानपणी वर्गात तोंड उघडायची नाही माझी पोर. मधेच नका उठवू तिला."

प्रशिक्षिकेनं फोन पर्समध्ये टाकला आणि त्यांच्या झग्याचे बंद सोडायला घेतले. गाठ घट्ट बसली होती, लवकर सुटेना.