हौदबाबांची समाधी

मंडपातल्या शंभर-सव्वाशे माणसांनी नाकाला पदर, दुपट्टा, टोपी, जे हाताशी होतं ते लावलं होतं. भय्याजींच्या डाव्या हातात पितळी गडवा होता आणि त्यात राइस मिलच्या हौदातलं पाणी. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी त्या हौदात धान भिजत घालतात. चार दिवसांनी त्या पाण्याला जो वास सुटतो, तो ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. ज्याने घेतला नाही त्याने स्वतःला सुखी समजावं.

भय्याजींनी तो गडवा पाटावर बसलेल्या माणसाच्या नाकाखाली धरला. माणूस हसला. मग मोगऱ्याची ओंजळ धरली. माणूस तेवढंच हसला.

“पाहा जी, पाहा! तुम्हाले घाण, त्याहिले नाही. तुम्हाले सुगंध, त्याहिले तोही नाही. याले म्हणतात समदृष्टी! बोला हौदबाबा की...”

“जय!”

पाटावरचे हौदबाबा म्हणजे माझे वडील, यादोराव. तुमसरजवळच्या आमच्या गावात, राइस मिलमध्ये मिस्त्री. त्याच्या दीड महिना आधी ते पोत्यांच्या थप्पीवरून पडले, डोकं सिमेंटवर आपटलं आणि तासभर बेशुद्ध होते. शुद्धीवर आले, चहा मागितला, तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की माणूस वाचला. मी नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. मला कळलं ते आईच्या कार्डावरून: ‘तुझे वडील पडले होते. आता बरे आहेत. देवपण आले आहे. सुट्टी काढून ये.’

देवपण असं होतं. तीस वर्षांत ज्यांनी हमालालासुद्धा ‘अरे’ म्हटलं नव्हतं, ते येईल त्याला शिव्या देत होते. एकच प्रश्न तासात चारदा विचारत होते. आंबलेलं वरण मिटक्या मारत खात होते. आणि दिवसेंदिवस जास्त झोपत होते. गावातले भय्याजी दरवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, होणाऱ्या नाटकात विष्णू व्हायचे आणि उरलेलं वर्ष काहीच व्हायचे नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा अर्थ तयार होता. शिवी म्हणजे प्रसाद. विसरणं म्हणजे माया सुटणं. झोप म्हणजे समाधीची तयारी. येत्या गुरुपुष्यामृताला बाबा समाधी घेणार, असं त्यांनी जाहीरही केलं होतं. हौदाशेजारची जागा चुना मारून तयार होती. मध्ये सहा दिवस उरले होते.

“आई, बाबांना डॉक्टरकडे नेऊ या.”

“काहून? लोक पाया पडून राहिले ना त्याहिच्या.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “मले शिव्या देतेत बाई. देव देऊन राहिला म्हटलं की सोसते. तुझे बाबा देऊन राहिले म्हटलं की नाही सोसत.”

मी तुमसरच्या एसटीची वेळ विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी तुमसरच्या डॉक्टर चंद्रकांताबाईंना घेऊन आले. बाई बुटक्या, आवाज मात्र मिलच्या भोंग्याचा. हातात नारळ आणि पिशवी घेऊन त्या रीतसर रांगेत उभ्या राहिल्या. पुढे पोचल्यावर म्हणाल्या, “मला बाबांची परीक्षा घ्यायची आहे.”

“देवाची परीक्षा?” भय्याजींनी डोळे वटारले. विष्णूचे.

“नको तर राहू द्या. लोक म्हणतील, भय्याजी भ्याले.”

“घेऊ द्या ना जी!” मागून आवाज आला. तो मिलमधल्या मारोतराव हमालाचा होता. “देव काय नापास होते का?”

बाईंनी वडिलांना डोळे मिटायला सांगितलं. नाकाखाली सुकट धरली. “काय आहे?”

“काई नाही.”

हिंग धरला. “काई नाही.” साबण धरला. “काई नाही.” प्रत्येक वेळी भय्याजी गर्दीकडे पाहून दोन्ही हात पसरत होते. मग बाईंनी तपकिरीची डबी उघडली. वडील लागोपाठ पाच वेळा शिंकले आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

“बाबा रडले! भक्तांसाठी रडले!” भय्याजी ओरडले.

“भक्तांसाठी नाही हो, तपकिरीसाठी.” बाई गर्दीकडे वळल्या. “वासाच्या नसा दोऱ्याहून बारीक असतात. नाकाच्या वर चाळणीसारखं हाड आहे, त्याच्या भोकांतून त्या मेंदूत जातात. हे पडले तेव्हा कवटी जागीच थांबली, पण आतला मेंदू हिसका बसून हलला. नसा तुटल्या. झोंबल्याचं मात्र दुसऱ्याच नसेतून कळतं, ती शाबूत आहे. समदृष्टी असती तर तपकिरीलाही हसले असते.”

“म्हणजे यस्टीनं ब्रेक मारला,” मारोतराव विचार करत म्हणाला, “का डबा नाही फुटत, पण आतलं वरण हिंदकळते. तसं?”

“अगदी तसं. शिव्या, विसरणं, तेही त्याच हिसक्याने.”

तेवढ्यात उघड्या डबीतली तपकीर वाऱ्यावर उडाली आणि भय्याजी शिंकले. अशी शिंक की दोन्ही नाकपुड्यांतले अत्तराचे बोळे सुटून थेट गडव्यात पडले.

“बापा!” एक म्हातारी म्हणाली. “याची समदृष्टी तं कापसाची हाय!”

मंडप हसून लोळला. बाई हसल्या नाहीत.

“बाबा, डोळे मिटा. दोन्ही हात समोर धरा, आशीर्वाद द्या.”

वडिलांनी हात धरले. उजवा तसाच राहिला. डावा हळूहळू वळत, नकळत खाली उतरला.

“तो पाताळातल्या भक्तांसाठी,” भय्याजी नाक पुसत म्हणाले. या वेळी कोणी जय म्हटलं नाही.

बाई आईजवळ जाऊन बसल्या. “आठ दिवसांमागे असेच झोपत होते का?”

“नाही जी. एका हाकेत उठत. आता हलवा लागते.”

“डोकं दुखतं? ओकतात?”

“सकाळी ओकतेत. भय्याजी म्हणे, लोकाइचं पाप बाहेर पडून राहिलं.”

“पाप नाही. कवटीच्या आत रक्त थेंबाथेंबाने साचतंय, ते मेंदूला दाबतंय. डोळे किती उघडतात, बोलणं किती जुळतं, हात कसे चालतात, एवढं पाहिलं तरी कळतं. ही समाधी मला ठाऊक आहे बाई. वेळेवर नागपूरला नेलं तर उतरते. गुरुपुष्यामृताची वाट पाहिली तर उतरत नाही.”

आई उठली. वडिलांच्या गळ्यातले हार तिने एकेक करून काढले. “उठा जी. नागपूरले जाऊन राहिलो.”

वडिलांनी तिला एक सणसणीत शिवी हासडली. पुढच्या रांगेतल्या दोघांचे हात सवयीने पसरले.

“हात खाली घ्या,” आई म्हणाली. “हे शिवी माझ्या घरची हाय.”

मारोतरावाने मिलचा ट्रक आणला. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या सर्जनांनी कवटीला दोन लहान भोकं पाडली. इंजिनातल्या जळक्या तेलासारखं काळं, पातळ रक्त बाहेर आलं. गुरुपुष्यामृताच्या दिवशी वडील वॉर्डात उठून बसले आणि त्यांनी नर्सला दोनदा शिव्या दिल्या. तिने हात पसरले नाहीत. तक्त्यावर लिहिलं: सुधारणा आहे.

वास परत आला नाही. राग, विसर थोडे कमी झाले, गेले नाहीत. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की काही गोष्टी भरून येतात, काही येत नाहीत. त्यानंतर वडील सहा वर्षं जगले. तोच प्रश्न चौथ्यांदा आला की आई चौथ्यांदा उत्तर द्यायची. शिवी आली की, “हे तुम्ही नाही बोलून राहिले, तो मार बोलून राहिला,” म्हणून पोळ्या लाटत राहायची. गेल्या श्रावणात ते गेले. त्या सहा वर्षांतला एकही दिवस मला जास्तीचा वाटला नाही.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. डोक्याला मार लागलेला माणूस उठून चहा मागतो, तेवढ्याने तो बरा होत नाही. पुढचे दोन-तीन महिने त्याच्यावर नजर ठेवा. त्याचा स्वभाव बदलला तर त्याला भूत लागलं म्हणू नका, अंगात देव आला असंही म्हणू नका. माणूस तोच आहे, त्याला मार लागला आहे. आणि झोप वाढली, ओकाऱ्या झाल्या, एक हात ढिला पडू लागला, तर मुहूर्त पाहू नका. गाडी पाहा.