जानरावांचा फोटो मी खाल्ला नाही

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि सध्या भयंकर चिडलेला आहे. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा हळव्या असतात. तुटक्या छत्र्या, गंजलेल्या सायकली, सगळ्या कशा मान खाली घालून बोलतात. मला ते जमणार नाही. माझ्यावर आळ आला आहे, आणि तो खोटा आहे. तो कसा आला हे सांगायचं म्हणजे मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

मी मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. माझ्या आधीच्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या पोटात एक आरसा असायचा, फोटो काढताना तो खटकन वर उडायचा. माझ्या पोटात तो नाही, म्हणून मी लहान आणि हलका. २०१४ साली अकोल्याच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात बसलो होतो. दुकानदार येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याबद्दल सांगायचा, की हा नवशिक्यांसाठीचा आहे, सगळ्यात खालच्या पायरीवरचा. मला तेव्हाही राग यायचा.

प्रसेनजितने मला तिथून उचललं. शिक्षकाची पदविका घेऊन तो चार वर्षं घरी बसला होता. नोकरी लागेना, तेव्हा त्याने चिखलीत बसस्टँडजवळ भाड्याचा गाळा घेतला आणि फोटो स्टुडिओ टाकला. पहिल्या दिवशी त्याने मला मऊ कापडाने पुसलं आणि म्हणाला, "आता तूच माही नोकरी, बाप्पा." तो माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. नंतर मी त्याला बरंच काही बोलणार आहे.

माझ्यात उणिवा होत्या, त्या मी लपवणार नाही. मला डोळा लावून बघायची खिडकी नाही. मागे नुसता पडदा आहे, आणि आमच्याकडच्या उन्हात त्या पडद्यावर फोटो काढणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. म्हणून प्रसेनजित डोक्यावरून काळा दुपट्टा ओढून घ्यायचा आणि त्याच्या अंधारात मला धरायचा. लग्नात बाया हसायच्या, पोरं दुपट्टा ओढायची. शिवाय मी मंद. समोरच्या माणसावर नजर धरायला मला वेळ लागतो. संध्याकाळी तर मी पुढे-मागे, पुढे-मागे करत राहतो. त्या वेळात प्रसेनजित दुपट्ट्याखालून बडबड करायचा. कुठलं गाव, कापूस किती झाला, पोरगी कितवीत आहे. माणूस उत्तर देता देता विसरायचा की आपला फोटो निघतो आहे. अशा वेळी मला नजर सापडायची.

दहा वर्षं मी असा राबलो. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, बुद्धविहारातले कार्यक्रम, तहसीलसमोरच्या पासपोर्ट साइजच्या रांगा. माझ्या अंगावरचं रबर निघालं, ते त्याने चिकटवलं. माझं एक बटण आत बसलं, ते तो पेनाच्या टोकाने दाबायचा. लोक म्हणायचे, प्रसेनजितच्या फोटोत माणूस माणसासारखा दिसतो. याचं श्रेय तो घ्यायचा, मला त्याचं काही नव्हतं.

मग नवा आला.

नवाही बिनआरशाचा. आणि गंमत अशी, की तोही सगळ्यात खालच्याच पायरीवरचा! फक्त दहा वर्षांत ती सगळी शिडीच वर सरकली आहे. त्याला माणसाचा डोळा आपोआप सापडतो. माणूस हलला, वळला, नाचला, तरी तो डोळा सोडत नाही. त्याचा पडदा बाहेर वळतो. अंधारात तो स्वच्छ पाहतो, जिथे माझ्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. फोटो तो सरळ मोबाइलवर पाठवतो. हे सगळं खरं आहे, आणि त्याबद्दल माझं त्याच्याशी भांडण नाही. त्याने मला एका शब्दाने दुखावलेलं नाही. माझं भांडण माणसांशी आहे.

शेजारच्या गाळ्यात गजेंद्रचं मोबाइलचं दुकान. त्याचा यूट्यूबवर एक चॅनेल आहे, त्यावर तो चार्जरपासून पंख्यापर्यंत काहीही तपासतो. नवा कॅमेरा पाहताच तो म्हणाला, "प्रसेनजित, जुना आनं नवा समोरासमोर ठेवू बे. जंगी व्हिडिओ होते." दिवस ठरला, गुरुवार.

त्याच गुरुवारी सकाळी जानराव आले.

मेहकर रस्त्यावरच्या एका खेड्यातले शेतकरी, वय ऐंशीच्या पुढे. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, आणि हातात पिशवी. पिशवीत त्यांच्या बायकोचा, रुख्मिणीबाईंचा, चौकटीतला फोटो होता. आमच्याकडे माणूस गेला की तेरवीला खुर्चीवर त्याचा फोटो ठेवतात, हार घालतात, आणि मग तो कायमचा भिंतीवर जातो. बहुतेक म्हाताऱ्यांचा आयुष्यात एकही धड फोटो नसतो. मग घरचे लोक ओळखपत्राच्या कार्डावरचा नखाएवढा फोटो घेऊन धावतपळत स्टुडिओत येतात आणि तो ताणून चौकटीएवढा करून नेतात. रुख्मिणीबाईंचा तसाच झाला होता. प्रसेनजितनेच करून दिला होता.

"हे पाह्य," जानराव चौकट काउंटरवर ठेवत म्हणाले. "तीन साल झाले, रोज पाह्यतो. पन हे माही रुख्मिन नाही. तिले कोनी दरडावून बसोलं, असं दिसते. आता माह्या पाळीले पोट्टे कारडच घेऊन येतीन. म्हनून मीच आलो. मले हासतांना काढ."

प्रसेनजितने नव्याकडे हात नेला आणि मागे घेतला. नव्याची बॅटरी दुपारच्या व्हिडिओसाठी भरून ठेवायची होती. म्हाताऱ्याच्या एका फोटोसाठी ती कशाला उतरवायची? त्याने मला उचललं. मला त्या अपमानाचंही काही वाटलं नाही. काम मिळालं, एवढंच कळलं.

गाळ्यामागे लिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत जानरावांना बसवलं. पण हासा म्हटल्यावर कुणाला हसू येतं? म्हातारा नुसते ओठ ताणू लागला. प्रसेनजितने नेहमीसारखा काळा दुपट्टा डोक्यावर ओढला. जानरावांनी ते पाहिलं.

"अबे, नव्या नवरीवानी पदर काऊन घेतला? मले लाजून राह्यला का?"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते हसायला लागले. तोंडात दोनच दात. खांदे हलत होते, टोपी घसरली, डोळ्यांतून पाणी आलं. मी मंद, माझी नजर उशिरा धरली, म्हणून मला हसण्याची सुरुवात मिळाली नाही. मला त्यानंतरचा क्षण मिळाला, जेव्हा माणूस हसून दमतो आणि समोरच्याकडे मायेने बघतो. बटण दाबलं गेलं.

जानरावांनी पडदा डोळ्यांजवळ नेऊन तो फोटो पाहिला. मग म्हणाले, "हाव. हाच मी व्हय. हाच लावजो." आणि बाजाराच्या दिवशी येऊन घेऊन जातो असं सांगून एसटी धरायला गेले.

आता नीट ऐका. फोटो कार्डावर असतो. कार्डावरून तो संगणकावर उतरवायचा असतो. प्रसेनजित हे काम दुकान बंद करताना करायचा, दहा वर्षांची सवय. त्यामुळे दुपारी तो फोटो फक्त माझ्या पोटातल्या कार्डावर होता, जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

दुपारी गजेंद्र आला. दिवे लावले, काउंटरवर लाल मिरच्यांचं ताट मांडलं, रंग तपासायला. पहिल्यांदा मला मिरच्यांसमोर धरलं आणि बटण दाबण्याआधीच त्याला न्याय सुचला. "एकच कार्ड दोघायत टाकू. नाही तं लोक म्हनतीन का नव्यात महाग कार्ड टाकलं." झालं. माझ्या पोटातलं कार्ड काढलं आणि नव्याच्या पोटात घातलं.

नवा वेगळ्या कंपनीचा. माझे फोटो त्याला वाचता येत नाहीत. त्याच्या पडद्यावर अक्षरं आली, कार्डावर एकही फोटो नाही. अरे, होता! तिथेच होता! तो फक्त त्याला दिसत नव्हता. प्रसेनजितची भुवई जराशी उचलली. "सकायचे उतरोले वाट्टे म्या," तो पुटपुटला.

वाटते! दुपारी बारा वाजता दहा वर्षांत त्याने एकदाही फोटो उतरवला नव्हता. पण त्याला तसं वाटलं.

"फॉरमॅट मार बे, टाइम होऊन राह्यला," गजेंद्र म्हणाला.

मी दोन हात अंतरावर उघड्या पोटाने पडलो होतो. मला आवाज असता तर मी तो गाळा डोक्यावर घेतला असता. प्रसेनजितने बटण दाबलं आणि कार्ड पुसलं गेलं. त्यानंतर त्याच कार्डावर पाऊण तास मिरच्या, भिंत, पंखा आणि गजेंद्रचा हिरवा शर्ट भरत राहिला. शेवटी गजेंद्रने जगाला निकाल सांगितला, की जुना आता कपाटात ठेवायच्या लायकीचा आहे.

बाजाराचा दिवस आला, जानराव आले नाहीत. पुढच्या आठवड्यात सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. जयमाला, वडनेर भोलजीला दिलेली. "भाऊ, बाबा गेले. झोपेतच. त्यायचा फोटो तुमच्याकडे हाये, हे त्यायनं साऱ्या गावाले सांगून ठेवलं व्हतं. तेरवीले लागन, तयार ठेवा."

प्रसेनजितने संगणक उघडला. मग सगळे कप्पे उघडले. मग त्याचा चेहरा उतरला. गजेंद्रला बोलावलं, पुसलेले फोटो परत आणायची करामत रात्रंदिवस चालली. पाटी पुसली तरी पुसट अक्षरं राहतात, पण तिच्यावर दुसरं काही लिहिलं की संपलं. परत काय आलं? गजेंद्रच्या हिरव्या शर्टाची बाही.

तेव्हा प्रसेनजितने जयमालाला फोन लावला. मी समोरच होतो. तो म्हणाला, "ताई, काय सांगू, जुना कॅमेरा व्हता. त्यानं फोटो खाल्ला."

मित्रांनो, तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला ना तळपाय, ना मस्तक, तरी ती गेली. दहा वर्षं! एकाही लग्नाचा एकही फोटो मी गमावला नाही. पावसात भिजलो, हळदीत माखलो, एकदा डीजेच्या गाडीवरून पडलो. आणि मी फोटो खाल्ला? मी मुका आहे, म्हणून माझ्या डोक्यावर खापर फोडणं सोपं गेलं, एवढंच.

पुढे गजेंद्र गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून तेच सांगू लागला. लोक माझ्याकडे मान हलवून बघायचे. मी कपाटात.

तेरवीच्या दिवशी जयमालाने पुन्हा फोन केला. तो कॅमेरा घेऊन या म्हणाली, निदान पाहू द्या. नाही म्हणायला प्रसेनजितला तोंड नव्हतं. तो मला पिशवीत घालून जानरावांच्या घरी गेला.

मांडवात पंगत बसली होती. खुर्चीवर हार घातलेली चौकट होती, आणि चौकटीत कार्डावरचा फोटो. ताणलेला, काळपट, डोळे अर्धे मिटलेले, कुणीतरी दरडावून बसवल्यासारखा. जानराव ज्याला भीत होते, नेमकं तेच.

जयमालाने मला दोन्ही हातांत घेतलं. रडून तिचा आवाज बसला होता. माझ्या काचेवरून तिने पदर फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, हा कॅमेरा मले देऊन टाका. बिघडलेला असो. माह्या बापाले शेवटचं हासतांना यानंच पाह्यलं."

प्रसेनजितने हातातली पिशवी खाली ठेवली. मग खाली बघत म्हणाला, "ताई, हा बिघडलेला नाही. यानं काई केलं नाही. म्याच कार्ड पुसलं. न पाह्यता पुसलं, आनं वरून याचं नाव घेतलं."

वाढणारा माणूस हातात वरणाची बादली घेऊन तसाच थांबला. जयमाला ओरडली नाही. तिने मला परत प्रसेनजितच्या हातात ठेवलं आणि खुर्चीकडे हात केला.

"मले काऊन सांगता? थ्या तिथं सांगा."

तो गेला. खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला आणि त्या ताणलेल्या काळपट चेहऱ्याला सगळ्या पंगतीसमोर म्हणाला, "बाबा, तुमचा फोटो म्या पुसला."

माझं नाव स्वच्छ झालं. मला वाटलं होतं, त्या क्षणी माझा राग जाईल. तो गेला नाही, मित्रांनो, उलट वाढला. माझं नाव गेलं होतं ते परत मिळालं. जानरावांचं हसू परत मिळण्यासारखं नव्हतं.

म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे, आणि ती मी रागानेच करतो आहे. नवा कॅमेरा घ्या, नवा मोबाइल घ्या, जुन्याशी खुशाल ताडून बघा. आम्हाला कपाटात ठेवा, आमची तक्रार नाही. पण पुसायचं बटण दाबण्याआधी आत काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उतरवले असं वाटतं, एवढ्यावर बोट टेकू नका. आणि हातून चूक झालीच, तर ती आपल्या तोंडाने सांगा, बोलू न शकणाऱ्यावर ढकलू नका.

त्या घरात आज जानरावांचा दीड वर्षाचा पणतू आहे. त्याला कडेवर घेऊन भिंतीजवळ नेतात आणि विचारतात, पणजोबा कोनते? तो बोट दाखवतो त्या चौकटीकडे. आता त्याच्यासाठी पणजोबा म्हणजे तोच चेहरा. ते हसायचे, हे त्याला दाखवण्यासारखं कुणाकडेच काही नाही.