चार तासांची जागा

संक्रांत झाली आणि दुसऱ्याच मंगळवारी गव्हाण्यांच्या घरातली वरची खोली गेली.

जिना होता तसाच होता. कौसल्याबाई पापडाचा डबा आणायला सकाळी वर निघाल्या, तर अकराव्या पायरीवर त्यांचं डोकं छताला टेकलं. त्यांनी हातानं चाचपून पाहिलं. छत पक्कं होतं, चुना दिलेलं, वीस वर्षं तिथेच असल्यासारखं. त्या खाली उतरल्या. अंगणात पेरूच्या झाडाखाली वरच्या खोलीतलं सगळं सामान ओळीनं मांडलेलं होतं. लोखंडी पलंग, गाद्यांची चळत, मुलाचं अभ्यासाचं टेबल, पापडाचा डबा. एकेक वस्तू कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती.

"अहो," त्यांनी हाक मारली, "वरची खोली गेली."

भगवंतराव आरशापुढे दाढी करत होते. "सामान?"

"अंगणात आहे."

"सगळं?"

"पापडसुद्धा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या गालाला साबण लावला.

भगवंतरावांनी अडतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून काढली होती. बार्शी तालुक्यातले कितीतरी बांध त्यांनी मोजले, भावाभावांच्या मधून रेघा ओढल्या, आणि निवृत्त होताना स्वतःच्या हातानं नकाशा काढून हे घर बांधलं. खाली चार खोल्या, वर एक. वरची मुलाला, एक सुनेच्या माहेरच्यांना, एक नातवंडांना, एक पाहुण्यांना, एक स्वतःला. मुलगा हर्षद पुण्याला गेला आणि बायको प्राजक्ता, मुलगी सई यांच्यासह तिथलाच झाला. खोल्या मात्र राहिल्या. कौसल्याबाई रोज सगळ्या झाडायच्या आणि दारं ओढून घ्यायच्या.

आठ दिवसांनी नातवंडांची खोली गेली. मग पाहुण्यांची. दर वेळी सामान अंगणात, पुसलेलं. टेबल शेजारच्या गल्लीतल्या बारावीच्या मुलीनं नेलं, पलंग दवाखान्याच्या धर्मशाळेनं नेला. गाद्या नेणारे तर दारात येऊन उभेच होते. सामान जाईल तशी कौसल्याबाईंना हुरहुर वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी झाडायला कमी आहे म्हणून बरंही वाटायचं. बाहेरून घर होतं तेवढंच दिसायचं. भगवंतराव रोज सकाळी फीत घेऊन आधी बाहेरून मोजायचे, मग आतून.

"बाहेरून चाळीस बाय तीस," ते म्हणायचे. "आतून चोवीस बाय अठरा."

"मधलं कुठं गेलं?"

"ते मोजता येत नाही. फीत घालायला फटच नाही."

होळीपर्यंत एकच खोली उरली. सोळा बाय बारा. एका कोपऱ्यात ओटा, एका कोपऱ्यात देव, मधे दोघांची खाट, पूर्वेला एक खिडकी. भगवंतरावांना रेडिओ लावून झोपायची सवय आणि कौसल्याबाईंना आवाज खपत नाही, म्हणून गेली अकरा वर्षं दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपत होते. आता खाट एकच. पहिल्या दिवशी भगवंतरावांनी रेडिओ उशाशी घेतला, बायकोकडे पाहिलं आणि आवाज इतका बारीक केला की तो फक्त त्यांनाच ऐकू यावा. थोड्या वेळानं कौसल्याबाई म्हणाल्या, "काय सांगतायत?"

"हवामान."

"मग जरा मोठ्यानं लावा की."

मग त्यांच्यात बोलणं सुरू झालं. पाच खोल्यांच्या घरात हाक मारायची, हाक ऐकू आली नाही की उठून जायचं, आणि तिथवर जाईतो काय सांगायचं तेच विसरायचं, असं इतकी वर्षं चाललेलं. आता ओट्यापाशी भाजी चिरता चिरता कौसल्याबाईंच्या मनात काही आलं, की ते आपसूकच खाटेवर पोचायचं.

घराची रीत त्यांना हळूहळू समजली. शेजारच्या रखमाबाई विरजण मागायला आल्या, तेव्हा ओट्याजवळची भिंत पाटाएवढी मागे सरली.

"बसत न्हाई मी, घाईत हाय," असं म्हणत रखमाबाई तिथं मांडलेल्या पाटावर टेकल्या आणि तासभर बसल्या. त्या उठून गेल्यावर भिंत जागेवर आली. घाईत आहे म्हणणाऱ्या रखमाबाई तासभर बसणार, हे भिंतीला आधीच माहीत होतं. कौसल्याबाईंचे भाऊ मोहोळहून दोन दिवसांसाठी आले, तर सकाळीच त्यांच्यापुरती खाट मावेल एवढी जागा झाली. ते म्हणाले, "अक्का, मला उद्याच निघावं लागेल बघ." पण जागा हलली नाही, आणि भाऊ दोन दिवस राहूनच गेले. जो जितका राहणार, तितकीच जागा घर त्याला देत होतं. त्यात चूक होत नव्हती.

चैत्रात हर्षदचा फोन आला. त्यानं नवा फ्लॅट घेतला होता. अठरावा मजला, चार बेडरूम.

"तुमच्यासाठी वेगळी खोली आहे आई. वेगळं बाथरूम. बाल्कनी. आता तिकडं कशाला राहता? मी आठ दिवस रजा काढून येतो, आपण घर आवरू, आणि तुम्हाला घेऊनच जातो."

"आठ दिवस?"

"आठ दिवस."

कौसल्याबाईंनी फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. आठ दिवस म्हणजे निदान एक खोली. खिडकीसकट. त्यांनी चादरी धुतल्या, ठेवून घेतलेली एक गादी उन्हात टाकली, हुलग्याचं पीठ दळून आणलं, आणि रोज सकाळी उठल्याबरोबर चारी भिंतींवरून नजर फिरवू लागल्या.

तो यायच्या दिवशी पहाटे दाराजवळची भिंत सरकली. एक खुर्ची ठेवता येईल आणि पाय थोडे पुढे घेता येतील, एवढीच.

भगवंतरावांनी फीत लावली. मग ती गुंडाळून ठेवली.

"किती?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"तू चहा टाक."

"किती ते सांगा."

"चार तास," भगवंतराव म्हणाले.

कौसल्याबाईंनी हातातली गादीची गुंडाळी बघितली. ती पसरायला जागा नव्हती. त्यांनी ती दाराबाहेर ओसरीवर नेऊन ठेवली आणि वर खुर्चीची उशी ठेवली, कुणाला गादी दिसू नये म्हणून.

हर्षद अकरा वाजता आला. गाडी भाड्याची होती, ड्रायव्हर बाहेरच थांबला. हर्षद त्रेचाळीस वर्षांचा, केस विरळ झालेले. दारातून आत आला आणि उभा राहिला.

"घर बारीक झालंय," तो म्हणाला.

"हो," कौसल्याबाई म्हणाल्या. "बस."

तो खुर्चीत बसला. खुर्ची, त्याचे गुडघे आणि भिंत, सगळं बरोबर बसलं. त्याच्या उजव्या हाताला ओटा होता, डाव्या हाताला खाटेवर बसलेले वडील. लहानपणी भाड्याच्या खोलीत असतानाही तो दोघांच्या इतका जवळ बसला नसेल.

"माझी वरची खोली?"

"ती पहिली गेली."

"आणि टेबल?"

"एका मुलीला दिलं. बारावीला आहे. चांगले मार्क पडतील म्हणतात."

हर्षदनं मान हलवली. चहा प्यायला. मग भगवंतराव म्हणाले, "किती वाजता निघायचंय?"

"आज? अण्णा, मी आठ दिवस..."

कौसल्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या कढईत फोडणीचं तेल ओतत राहिल्या. हर्षदनं आईच्या पाठीकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांपुढच्या भिंतीकडे. भिंतीत आणि त्याच्यात चार बोटांचं अंतर होतं.

"तीनला," तो म्हणाला. "उद्या सकाळी कामावर हजर व्हायचंय. रजा मिळाली नाही. तुम्ही फक्त कपडे भरा, बाकीचं मी माणसं लावून करून घेतो. आज आपण तिघंही निघतो."

"आधी जेव," कौसल्याबाई म्हणाल्या.

शेंगोळी शिजत आली होती. हुलग्याचा आणि लसणाचा वास खोलीत भरला. खोली एवढीशी असल्यामुळे वासाला जायला दुसरीकडे जागाच नव्हती. हर्षदनं डोळे मिटले.

"तिथं आम्हाला करायचं काय?" भगवंतरावांनी विचारलं.

"काहीच नाही करायचं. आराम करायचा. तुमची वेगळी खोली आहे अण्णा."

"तू कुठं असतोस?"

"माझ्या खोलीत. लॅपटॉप तिथं असतो."

"आणि प्राजक्ता?"

"तिचं काम तिच्या खोलीत. सईचा अभ्यास सईच्या."

"मग जेवायला हाक कोण मारतं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"मेसेज करतो आम्ही एकमेकांना." मग तो घाईघाईनं म्हणाला, "मोठं घर आहे गं. आवाज पोचत नाही."

कौसल्याबाईंनी ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. ताट ठेवायला दुसरी जागा नव्हती. वाटीत शेंगोळी, वर कच्च्या तेलाची धार, बाजूला भाकरी आणि कांदा. हर्षद खाली मान घालून जेवला. दुसरी वाटी घेतली. तिसऱ्या वाटीला तो थांबला.

"आई," तो म्हणाला, "संध्याकाळी मी कामावरून आलो की लगेच वर जात नाही. खाली पार्किंगमध्ये गाडी लावतो आणि गाडीतच बसतो. कधी अर्धा तास, कधी तास. प्राजक्ताला वाटतं ट्रॅफिक लागला."

"आणि काय करतोस गाडीत?"

"काही नाही. काचा वर करून बसतो. बरं वाटतं. सगळं हाताशी असतं ना." तो स्वतःशीच हसला. "एकदा सई खाली आली होती, तिनं बघितलं. मला वाटलं आता विचारेल. ती पलीकडचं दार उघडून आत बसली. दोघं बसलो. त्या दिवशी तिनं मला शाळेतलं सगळं सांगितलं, पाऊण तास."

कौसल्याबाईंनी त्याच्या वाटीत आणखी थोडी शेंगोळी वाढली. तेवढ्यात खरवडल्यासारखा आवाज झाला. हर्षदच्या गुडघ्यांपुढची भिंत वीतभर मागे गेली होती. तिघांनीही ते पाहिलं. भगवंतरावांचा हात फितीकडे गेला, पण कौसल्याबाईंनी डोळ्यांनी नको म्हटलं.

जेवल्यावर हर्षदला झोप आली. दहाच मिनिटं पडतो म्हणाला आणि खुर्चीतच मान टाकली. कौसल्याबाई पाटावर बसून त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या कानामागचा तीळ त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्याचा एक पाय सरळ झाला, भिंत तेवढी सरली. दुसरा पाय सरळ झाला. दोन वाजता तो खुर्चीवरून घसरून जमिनीवर आडवा झाला होता आणि त्याच्या पायाखाली तेवढी जमीन होती. कौसल्याबाई हळूच उठल्या, ओसरीवरून गादी आणली आणि त्याच्या अंगाखाली सारली. ती पुरी पसरली.

"अहो," त्या कुजबुजल्या, "मावली."

"मोजू नको," भगवंतराव म्हणाले. त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

तीन वाजता बाहेर हॉर्न वाजला. हर्षद दचकून उठला. आपण गादीवर आहोत हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं भिंतीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि केसांवरून हात फिरवला.

"कपडे भरले?"

"नाही," कौसल्याबाई म्हणाल्या. "आम्ही नाही येत रे. राग मानू नको. आम्हाला इथं एकमेकांचं ऐकू येतंय आता."

त्याला राग आला नाही. तो उठला. मग वाकून आईच्या पाया पडला, वडिलांच्या पडला.

"मला निघायलाच पाहिजे," तो म्हणाला. "येतो."

"ये," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काही नव्हतं, नेहमीचाच होता.

तो उंबऱ्यावर बसून बूट घालू लागला. एक घातला. त्याच वेळी देवांच्या मागची भिंत उघडली.

तिथं दार होतं. नवं, रंगाचा वास असलेलं. कौसल्याबाईंनी ते ढकललं. पलीकडे खोली होती, चांगली लांबरुंद. त्या आत गेल्या. उजवीकडे आणखी एक दार, त्यापलीकडे आणखी एक खोली. तिची खिडकी बरीच खाली होती, आठ वर्षांच्या सईला उभ्यानं बाहेर दिसेल एवढ्या उंचीवर. खिडकीतून उजेड येत होता आणि फरशी पायाला कोमट लागत होती. पलीकडच्या खोलीत दोन खाटांची जागा होती. त्याही पलीकडे भिंत अजून सरकतच होती, सावकाश, गाय उठते तशी.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "इकडं या!"

भगवंतराव आले नाहीत. ते कुठल्यातरी मधल्या खोलीत होते आणि आकडे म्हणत होते. चौदा. एकोणीस. सव्वीस. आवाज लहान लहान होत चालला होता.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. तो आता शेजारच्या गावातून आल्यासारखा वाटला. कौसल्याबाईंनी मागे वळून पाहिलं. एका ओळीत सगळी दारं उघडी होती आणि त्यांच्या अगदी शेवटी, नखाएवढ्या उजेडात, उंबऱ्यावर हर्षद बसलेला दिसत होता.

"हर्षद," त्यांनी होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं, "भाकऱ्या किती टाकू?"

हाक एकेका दारातून पुढे जात राहिली. हर्षद खाली वाकला होता, त्याचे दोन्ही हात बुटावर होते. नाडी बांधतोय की सोडतोय, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.