नानासोंची लाईन

"आबा, पाय बाजूला घ्या! माती पडंल," शंभूराज वरून ओरडला, आणि छताजवळच्या भोकातून विटेचा चुरा आणि काळी वायर बरोबरच खाली आले. नानासोंनी वायरचं टोक झेललं आणि बोटांत फिरवून पाहिलं. चोवीस वर्षं फौजेच्या सिग्नल पलटणीत लाईनमन म्हणून काढलेला हा माणूस. वायर हाती आली की त्यांची बोटं आपोआप कामाला लागत.

शंभू खाली आला. त्यानं वायर आबांच्या कॉम्प्युटरच्या मागं जोडली आणि अगदी शेवटाला करंगळीच्या पेराएवढी धातूची टोपी बसवली.

"ह्या टोपीला हात लावू नगा. ही सैल झाली की वरचा अन् खालचा, दोन्ही कॉम्प्युटर एकमेकाला दिसत न्हाईत. अन् ह्यो फोल्डर बगा. जे लिवाल ते ह्यात ठेवायचं. मी वर बसून उघडतो अन् छापतो. फ्लॉपी घिऊन जिना चढायचं कामच मिटलं. गुडघ्यास्नी सुट्टी!"

"लय ब्येस झालं," नानासो म्हणाले. पण त्यांना बेस वाटलं नव्हतं. त्यांना एकदम रिकामं रिकामं वाटलं होतं.

त्याचं असं होतं. बायको लीलाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. आष्ट्यातल्या त्या घरात वर मुलगा शंभू आणि सून अंकिता, खाली नानासो एकटे. शंभू रोज एस.टी.नं सांगलीला जायचा. तिथल्या हापिसानं जुने कॉम्प्युटर काढले, तेव्हा त्यातला एक त्यानं आबांसाठी आणला. नानासोंनी आष्टा आणि आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांची यादी करायला घेतली होती. नाव, पलटण, कुठं कुठं लढला, मागं कोण आहे. एका बोटानं टाईप करत दिवसाला एक पान व्हायचं.

प्रिंटर वर होता. म्हणून संध्याकाळी शंभू आला की नानासो फ्लॉपी खिशात घालून, कठड्याला धरून जिना चढत. चौदा पायऱ्या. वर पोचेपर्यंत गुडघे बोंबलायचे, पण अंकिता चहा टाकायची आणि शंभू पान वाचत वाचत विचारायचा, "आबा, ह्यो बिराप्पा म्हंजे जत्रंत कुस्ती धरायचा त्योच न्हवं?" मग बिराप्पाची कुस्ती निघायची, लेहची थंडी निघायची. अर्धा-पाऊण तास कसा जायचा कळायचं नाही. नानासोंचा सगळा दिवस त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या आशेवर चालायचा.

आता वायर आली आणि ती चालली, तीही कशी, तर एकदम झकास. नानासो पान लिहून फोल्डरात ठेवत. वर प्रिंटर करकरायचा, तो खाली ऐकू यायचा. मग अंकिता जेवणाचं ताट घेऊन यायची आणि छापलेला कागद ताटाखालीच असायचा.

"आबा, कागद ताटाखाली हाय बगा. मी जाते, वर दूध ठेवलंय."

ते दूध रोजच वर ठेवलेलं असायचं. सून वाईट नव्हती. मुलगाही वाईट नव्हता. दोघांनी मिळून म्हाताऱ्याचा त्रास वाचवला होता, आणि वाचवलेल्या त्रासाबद्दल तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

अकरा दिवस त्यांनी कळ काढली. बाराव्या दिवशी त्यांनी टेबलामागं हात घातला आणि ती टोपी अर्धी सैल केली. सगळा जन्म तुटलेल्या लायनी सांधण्यात गेलेला. बर्फात, गोळीबारात, अंधारात चाचपडत. चालती लाईन स्वतःच्या हातानं पाडायची ही पहिलीच वेळ.

दहा मिनिटांत जिन्यावर चपला वाजल्या. "आबा, तुमचा कॉम्प्युटर दिसत न्हाई वर!" शंभू टेबलाखाली शिरला, वायर हलवली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नानासो स्टुलावर बसून त्याच्याशी बोलत राहिले. हापिसातल्या साहेबाचं विचारलं, आपल्या लहानपणच्या सायकलीचं सांगितलं. शंभू हसला. शेवटी खुडबूड करताना टोपी त्याच्या हाताला लागली, त्यानं ती दाबून फिरवली आणि लाईन चालू झाली.

तो गेल्यावर नानासोंनी एक नवी फाईल उघडली. पलटणीतला रिवाजच होता तसा. लाईन पडली की रजिस्टरात नोंद व्हायचीच. वेळ, कारण, दुरुस्ती कुणी केली. आणि त्या रजिस्टरात खोटं लिहायचं नाही, मग आपलीच चूक का असेना. नानासोंनी टाईप केलं, 'साडेसहाला लाईन बंद. कारण, टोपी मी स्वतः सैल केली. सहा चाळीसला शंभू आला. सव्वासातला लाईन चालू. पस्तीस मिनिटं बसला. बरं वाटलं.' फाईलला नाव दिलं लाईन, आणि सगळं जिथं ठेवत तिथंच ठेवून दिली.

पुढच्या पंधरवड्यात लाईन आणखी तीनदा पडली. चौथ्या खेपेला शंभूची एस.टी. वाटेत बिघडली होती, तो दमून आला होता. टेबलाखालून बाहेर येत तो वैतागला.

"आबा, काय हलिवता काय तुमी? चोवीस वर्सं फौजेत लायनी टाकल्या म्हंता, अन् हितं एक वायर नीट ठेवता येत न्हाई तुमास्नी?"

शब्द जिव्हारी लागले. तोफांच्या आवाजात सुद्धा ज्याची लाईन कधी अर्धा तास बंद राहिली नव्हती, त्याला हे ऐकावं लागलं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं.

"व्हय रं," नानासो म्हणाले. "वय झालं. हात कापतो. लागला आसंल धक्का."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपीला हात लावला नाही. लाईन ठणठणीत होती. तरी सहा चाळीसला जिन्यावर चपला वाजल्या.

"का रं? काय बिघडलं?"

"काय न्हाई. सहज," म्हणून शंभू बसला. बिराप्पाचं विचारलं, लेहचं विचारलं. ऐकताना मान हलवली. सव्वासात झाले तसा उठला.

तिसऱ्या दिवशीही सहा चाळीस ते सव्वासात. तो वर गेल्यावर नानासोंनी फोल्डर उघडलं. यादीची पानं ओळीनं होती आणि त्यांच्या खाली ती फाईल होती, लाईन. म्हणजे वरूनही ती तशीच दिसत होती, रोज, पहिल्या दिवसापासून. नानासोंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुसून टाकावी असं क्षणभर मनात आलं. पण रजिस्टरातली नोंद खोडायची नसते, आणि वाचून झालेली खोडून उपयोग तरी काय?

चौथ्या दिवशी शंभू हापिसच्या कपड्यांतच आला. डोळे तांबारलेले. "मग लेहला काय झालं, आबा?" त्यानं विचारलं. लेहचं त्यानं काल ऐकलं होतं, परवाही ऐकलं होतं. बोलता बोलता नानासोंना दिसलं, की पोरानं हात टेबलाखाली घेतलाय आणि तो मनगटावरचं घड्याळ बघतोय. नानासोंनी पहारे पुष्कळ केले होते. बदली कधी येतेय याची वाट बघणारा माणूस कसा उभा असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांना शंभूचा राग आला नाही. भरून आलं. पोरगं आपलं होतं, आज्ञाधारक होतं, आणि ड्यूटीवर होतं.

"शंभू, जा रं वर."

"बसतो की. अजून सात बी न्हाई वाजलं."

"न्हाई, जा. लाईन एकदम ओके हाय. दमलाईस. अंकिता बी एकटीच बसली आसंल."

शंभूनं त्यांच्याकडं पाहिलं. पण बापलेकांनी असलं मनातलं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

"उद्या येतो मग," तो म्हणाला.

"काम आसलं तर ये."

जिन्यावर चपला वाजल्या. दोन-दोन पायऱ्या एका दमात. नानासो ऐकत राहिले. मग वरून अंकिताचा आवाज आला, शंभू काहीतरी म्हणाला, आणि दोघं हसली. लगेच दोघांनी आवाज दाबला, खाली ऐकू जाईल म्हणून.

नानासो गुडघ्यावर हात टेकून उठले. वरच्या दोघांना मोकळं हसता यावं म्हणून त्यांनी आपल्या खोलीचं दार ओढून घेतलं.