निरंकच्या समोरचं पान

आठ दिवस निरंककाकांचं कशातच लक्ष नव्हतं. समोरचा चहा गार व्हायचा, चष्मा कपाळावर असताना ते टेबलाखाली चष्मा शोधायचे, आणि पोट बिघडलंय का असं बायकोने विचारलं की हो म्हणून मोकळे व्हायचे. पोट ठणठणीत होतं. एका बाईला त्यांनी एक शब्द सांगितला होता आणि तो त्यांच्याच घशात काट्यासारखा अडकून बसला होता.

शब्द रोजचाच. सरकारी दफ्तरखान्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. नोंदवहीत काही नसलं की तिथे ‘निरंक’ लिहायचं आणि विचारायला येणाऱ्यालाही तेच सांगायचं. इतक्यांदा सांगितलं की कचेरीने त्यांचं नावच निरंककाका पाडलं. त्यांना त्याचा राग नव्हता, थोडा अभिमानच होता. त्यांच्या सेवापुस्तकातही कुठे शेरा नव्हता, तेही निरंक. निवृत्तीला चौदा दिवस उरले होते आणि ते डोळे मिटून पार पाडायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात ही बाई आली. चाळिशीला टेकलेली, इस्पितळात परिचारिका. लहानपणी ती बालगृहात वाढली होती. हलाखीत आईने तिला तिथे ठेवलं. पण पुढच्याच वर्षी परत न्यायला अर्ज केले, एकदा नाही, चारदा, असं आई जन्मभर सांगत आली. लेकीने त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. जन्मभर शिवणकाम करून जगलेल्या आईने आता अंथरूण धरलं होतं. अर्ज खरंच केले होते का, एवढंच तिला बघायचं होतं.

काकांनी बालगृहाची त्या सालची नोंदवही काढली, धूळ झटकली आणि मुलं परत मागणाऱ्यांच्या अर्जांचं पान उघडलं. सबंध पानावर लाल शाईत एकच शब्द. अक्षर त्यांचंच, तरुणपणीचं, चांगलं टपोरं.

बाईने पान दोनदा वाचलं. “म्हणजे आई खोटंच सांगत होती,” ती म्हणाली. आवाज चढला नाही की फुटला नाही. आभार मानून ती जिना उतरली, आणि तिच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत काकांना सगळं आठवलं.

नोकरीचं पहिलंच वर्ष. टपालात एक अर्ज आला होता, खाकी कागदावर. कुणा शिवणकाम करणाऱ्या बाईने बाहीच्या आकारात कापलेला कागद, मापं टाकून झाल्यावर त्याच्याच पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं. वरचं वळण आलं की ओळही वळायची, खाली निमुळतं झालं की अक्षरं बारीक व्हायची. माझी मुलगी परत द्या, इतकंच. काका हसले होते. हेडक्लार्कही हसले होते. मग ते म्हणाले होते, विहित नमुन्यात नाही तो अर्जच नाही. नोंद झाली नाही. पुढे तसाच आणखी एक आला, मग आणखी एक. तिन्ही कागद ‘इतर’ म्हणून बांधलेल्या गठ्ठ्यात गेले, वर्षअखेरीला तो गठ्ठा रद्दीत निघाला, आणि पोत्याचं तोंड शिवणारे हात काकांचेच होते. नियमाने बघायला गेलं तर ‘निरंक’ अगदी बरोबर होतं. सगळा घोळ तिथेच होता. खोटं लिहिलं असतं तर निदान कुणाकडे माफी मागायची ते तरी कळलं असतं.

त्यात भर म्हणजे नव्या मॅडमनी काढलेली ती टीप. मॅडम सहा महिन्यांपूर्वी बदलून आल्या, काकांच्या मुलीच्या वयाच्या. दफ्तर म्हणजे आरसा नव्हे, असं त्यांचं म्हणणं; कुणीतरी ठरवतं काय ठेवायचं, कशाला कागद म्हणायचं, आणि ठरवणारा मात्र पानावर कुठेच दिसत नाही. म्हणून प्रत्येक नोंदवहीत एक कोरं पान चिकटवायचं, ‘ठेवणाऱ्याची टीप’: कुणी ठेवलं, काय वगळलं, का. काकांनी तेव्हा चहाच्या टेबलावर खूप हशा पिकवला होता. आता कपाटालाही जबानी द्यावी लागणार, असं म्हणाले होते. आणि मिळेल त्या पानावर ‘नियमानुसार’ लिहून मोकळे होत होते. बालगृहाच्या वहीतलं पान मात्र आठ दिवस कोरंच.

नवव्या दिवशी सकाळी भाजी निवडताना बायकोने त्यांच्या हातातली जुडी काढून घेतली. ते पानं टाकून देठं ठेवत होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. उरलेली जुडी निवडत तिने ते ऐकून घेतलं. देवभोळी बाई, रागावली की देवालाच मध्ये घालायची.

“देवाकडे जाते ती हाक कोऱ्या कागदावर चालते, की तिलाही विहित नमुना लागतो?” तिने विचारलं, आणि भाजी घेऊन आत गेली.

काका त्या दिवशी कचेरीत पोचले ते थेट मॅडमच्या टेबलापाशी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सगळं एका दमात सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, शेरा बसेल का.

“बसू शकतो, काका. नाही बसणार असं मी कसं सांगू?”

“आणि कागद तर नाहीच. माझी आठवण म्हणजे काही पुरावा नव्हे.”

“नव्हेच. तसंच लिहा. आठवण आहे, कुणाची आहे, आज लिहिली आहे. लाल शब्दाला हात लावू नका. तोही तुमचाच आहे.”

काकांना वाटलं होतं, त्या नको म्हणतील. नको म्हणाल्या असत्या तर किती बरं झालं असतं. पान भरायला दुपार गेली. तीनदा उठून पाणी प्यायले. मी पाहिले, मी हसलो, मी नोंद केली नाही, मी पोतं शिवलं: चौतीस वर्षांत त्यांनी दफ्तरात ‘मी’ कधी लिहिला नव्हता आणि तो लिहिताना पेन अडखळत होतं. खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

मॅडमनी फोन केला. संध्याकाळी बाई इस्पितळातली पाळी संपवून आली, गणवेशातच. उभ्या उभ्या वाचलं. वाचताना एकदा तिने काकांकडे बघितलं, आणि काकांनी नजर खाली घातली नाही, एवढंच त्यांना जमलं.

“आई चार म्हणते,” ती म्हणाली.

चार लिहिणं सोपं होतं. पेन हातातच होतं, आणि बाईचं समाधान झालं असतं. “मी तीन पाहिले,” काका म्हणाले. “चौथा आला असेल. माझ्या हातात नाही आला.”

तिने मान हलवली आणि पानाची नक्कल मागितली. काकांनी कपाटातून शिक्का काढला. ‘मुळावरून खरी नक्कल’. हा शिक्का त्यांनी हजारो कागदांवर न बघता मारला होता. आज तो शाईत बुडवून ते जरा वेळ धरूनच बसले. मग मारला.

बाईने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला. माफ केलं म्हणाली नाही, आणि काकांनी माफी मागितलीही नव्हती, कारण ती मागायची तर अंथरुणावरच्या बाईकडे. दारापर्यंत जाऊन ती वळली.

“बाही मोठ्या माणसाची होती, की लहान मुलीची?”

काकांनी डोळे मिटले. खाकी कागद दिसला, वळण दिसलं, वळणाऱ्या ओळी दिसल्या. लांबी काही केल्या दिसेना. “नाही आठवत,” ते म्हणाले.

“असू दे. आईलाच विचारते,” ती म्हणाली आणि जिना उतरली, या वेळी भराभर.

कचेरी सुटायला अर्धा तास होता. काकांनी चष्मा शोधला, कपाळावर सापडला. मग मांडणीपाशी गेले आणि बालगृहाची पुढच्या सालची नोंदवही ओढून काढली. पान उघडलं. लाल शाई, टपोरं अक्षर, तोच शब्द. त्या साली पोत्यात काय गेलं होतं? त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पाच दिवस उरले होते, आणि वह्या एकतीस.